चार आणे उरले की बोलायचं: सायकलची पहिली रोड रेस संघासोबत पूर्ण करताना

ज्यांना पहिला नंबर काढायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. ज्याचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे, दिवसभर दुकानात बसणं आहे आणि मित्रांच्या नादानं ज्यानं रेसचा फॉर्म भरून टाकला आहे, त्याच्यासाठी आहे. म्हणजे काही वर्षांपूर्वीच्या माझ्यासाठी.

आमचा संघ चौघांचा. एक शाळेतले पीटीचे सर. एक औषध दुकानवाला. एक एकोणीस वर्षांचा पोरगा, जो रोज पहाटे सायकलला दुधाच्या कॅन लटकवून गावोगाव फिरतो, त्यामुळे रिकामी सायकल त्याला खेळणंच वाटते. चौथा मी. आमच्या भागातली ती स्पर्धा अमरावतीकडून परतवाड्याला येऊन पुढे चिखलदऱ्याचा घाट चढायची, सगळी मिळून ऐंशीएक किलोमीटर. पहिले पन्नास किलोमीटर सपाट. लोकांना वाटतं घाट मारतो. मला सपाटीनंच मारलं होतं.

आधी हिशेब समजून घ्या

सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या आसपास वेग गेला की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. आणि हवेचा हिशेब सरळ नाही. वेग २५ वरून ३० वर नेला, म्हणजे पाचव्या हिश्श्यानं वाढवला, तर हवेसाठी लागणारी ताकद जवळपास पावणेदोन पट होते. पुढच्याच्या चाकामागे नीट राहिलात तर याच ओझ्यातला मोठा वाटा तो उचलतो. एकूण मेहनतीत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा वाचतो. म्हणजे सरांच्या मागे ताशी तीसनं जाणारा मी एकट्यानं तेवढाच जोर लावला असता तर सव्वीस-सत्तावीसवर रेंगाळलो असतो. संघाची मदत म्हणतात ती मुळात एवढीच आहे. बाकी पाणी देणं, धीर देणं, पंक्चर काढणं हे वरचं.

रेस आणि लांब पल्ल्याच्या एकट्याच्या स्पर्धा यांत गल्लत करू नका. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली. तिथे गाडीतून सोबत चालणारी माणसं असतात, पण दुसऱ्याच्या आडोशानं रस्ता कापता येत नाही. ब्रेव्हे हा तिसरा प्रकार: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, नंबर नाही, घाई नाही. माझं मत विचाराल तर आधी एक २०० ची ब्रेव्हे करा, मग रेसचा फॉर्म भरा. मी उलटं केलं.

फॉर्मसोबत नियमांचा कागद येतो, तो वाचा. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा नियम असा की खाणं, पाणी, पाना कोणालाही देता येतो. चाक किंवा सायकल मात्र फक्त आपल्याच संघातल्याला, आणि मागे पडलेल्यासाठी थांबायचं तेही आपल्याच संघातल्यानं. पाठीला हात लावून ढकलणं कोणालाच चालत नाही, त्यात बाद होऊ शकता. गावपातळीवर आयोजकांचे आपापले नियम असतात, पण ढकलणं टाळलेलंच बरं. घाटात सरांचा हात एकदा माझ्या पाठीकडे आला होता. पोऱ्यानं मागून ओरडून तो खाली घ्यायला लावला.

सायकल: थोडक्यात

नवी महाग सायकल घेऊ नका. गिअर बघा. घाटासाठी पुढे ३४ आणि मागे ३२ दातांची जोडी असेल तर जड माणूसही बसून चढतो. मागे २५ वरच संपत असेल तर दुकानदाराकडून मागचा कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, बदलून घ्या, फक्त तुमच्या डिरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तो झेपतो का हे आधी विचारा. टायर २८ मिलिमीटरचे, हवा ७०-७५ पीएसआय. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. टणक हवा भरली की त्या लाटा थेट मनगटात येतात.

बाभळीचे काटे धुऱ्यावरून रस्त्यावर येतातच. दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर प्रत्येकाच्या खिशात हवं, "त्याच्याकडे आहे" हे चालायचं नाही. ज्याच्याकडे असतं तोच नेमका पुढच्या गटात असतो. टायर काढताना आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर दुसरी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते.

चाक धरायला शिका (याला दोन महिने द्या)

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. आठवड्यातून तीन सकाळी, दोघं-तिघं मिळून, मोकळ्या रस्त्यावर.

पहिले पंधरा दिवस पुढच्याच्या मागे एक सायकल अंतर ठेवा. मग अर्धी. शेवटी हातभर. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवायची नाही, त्याच्या कमरेकडे आणि खांद्यावरून पुढच्या रस्त्याकडे ठेवायची. चाकाकडे बघणारा माणूस खड्डा बघत नाही. ब्रेक कमीत कमी. जवळ आलात असं वाटलं तर पाय सैल सोडा, थोडं ताठ बसून छातीवर हवा घ्या, वेग आपोआप उतरतो. मागच्याला तुमच्या ब्रेकचा धक्का बसत नाही.

एक गोष्ट कधीच करू नका: तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरू देऊ नका. दोन चाकं घासली की पडतो तो मागचा. पुढचा बहुतेकदा नुसता डुगडुगतो आणि मागे वळून विचारतो, "का झालं बे?"

आणि पुढचा असाल तर मागच्याची काळजी तुमची. पेडलवर उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते, म्हणून आधी एक गिअर जड करून, पेडल दाबतच उठा. खड्डा आला की हात खाली करून बोट दाखवा, तोंडानंही सांगा. आमच्याकडची हाक अशी: "खड्डा डावा", "बंडी", "ब्रेकर", "खुलं". खुलं म्हणजे रस्ता मोकळा. बंडी म्हणजे बैलगाडी, पण आम्ही ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही बंडीच म्हणतो. एवढ्या लांब शब्दाला धाप लागलेल्या माणसाकडे जागा नसते.

स्पीडब्रेकरचं एक गणित लक्षात घ्या. वीस जणांचा गट ब्रेकरवर येतो, पुढचे हळू होतात, ओलांडतात, जोर लावतात. शेवटचा माणूस ब्रेकरवर पोचतो तेव्हा पुढचे सुटलेले असतात, आणि त्याला गट गाठायला जीव खाऊन पळावं लागतं. दर गावात दोन ब्रेकर. दहा गावं झाली की तो पाठीमागचा माणूस वीस वेळा पळालेला असतो, आणि त्याला वाटतं आपण कमजोर आहोत. गाव दिसलं की गटाच्या पहिल्या तिसऱ्या भागात सरका. एवढ्यानं अर्धी रेस सोपी होते.

आण्यांची भाषा

ही पीटीच्या सरांची कल्पना, आणि या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी पुरे.

दर दहा मिनिटांनी पुढचा ओरडतो, "किती आणे?" प्रत्येकानं आपल्यात किती जोर शिल्लक आहे ते सांगायचं. सोळा म्हणजे ताजा. बारा म्हणजे बरं चाललंय. आठ म्हणजे हाच वेग ठेवा, वाढवू नका. चार म्हणजे आत्ताच हळू करा. दोन असं उत्तर नसतंच. दोन आण्यांवर असलेला माणूस उत्तर देत नाही, तो मागे दिसत नाही.

यात अडचण एकच, लाज. पहिल्या रेसमध्ये आसेगाव पूर्णाच्या अलीकडे वारा सुटला. सरांनी विचारलं, मी म्हटलं, "बारा." खरे पाच होते. मला वाटलं, पूल आला की सावरू. पूल आला, आमच्यात एक हात अंतर पडलं, मग दोन, मग सायकलभर. एवढं अंतर पडलं की आडोसा कमी होतो, म्हणजे दमलेल्या माणसाला अचानक जास्त ताकद लावावी लागते, म्हणजे अंतर आणखी वाढतं. ते दोरी तुटल्यासारखं असतं. ताणली जाते तोवर कोणाला कळत नाही.

ते तिघं अर्धा किलोमीटर पुढे गेल्यावर दुधवाल्या पोऱ्यानं मागे बघितलं. मग तिघांनी वेग सोडला, सर तर रस्त्याच्या कडेला थांबले. मी पोचलो तेव्हा ते काही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बोलला काऊन नाही बापा? चार असतानी सांगितलं असतं तं दोन मिनिटं हळू केलं असतं. आता सात मिनिटं गेली." ते सात मिनिटांचं गणित मला अजून बोचतं. मदत मागायची लाज वाटली म्हणून साडेतीनपट मदत लागली.

म्हणून सराव करताना आणे खरे सांगायचा सराव करा. उलट शिस्तही ठेवा: कोणी चार म्हटलं की कोणी हसायचं नाही, "चल ना बे, येतंच आहे" म्हणायचं नाही. मुकाट्यानं वेग उतरवायचा.

वारा कुठून येतो ते बघून उभं राहा

हिवाळ्यात, म्हणजे रेसच्या मोसमात, आपल्याकडे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून असतो. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना तो उजव्या हाताला समोरून लागतो. अशा वेळी सरळ पाठीमागे उभं राहून फायदा नाही. आडोसा डावीकडे मागे तयार होतो. पण डावीकडे तर रस्त्याची कड. रांग तिरपी होत गेली की शेवटच्याला डांबरच उरत नाही, तो मुरमावर.

उपाय म्हणजे पुढच्यानं कडेला चिकटून न जाता डावीकडे हात-दीड हात जागा सोडायची. मागून गाडी नसेल तेव्हाच. रस्ता बंद केलेला नसतो, रेस आपली असली तरी कापसाच्या ट्रकला ते ठाऊक नसतं. जिनिंगच्या दिवसांत ट्रकबाहेर दोन्हीकडून फुगलेला कापूस असतो, त्याच्या जवळून जाऊ नका. दमलेल्या माणसाला वाऱ्याच्या बाजूला कधीच ठेवू नका, त्याची जागा दुसऱ्या क्रमांकावर, सगळ्यात बळकट माणसाच्या डाव्या कुशीत.

पुढे राहून हवा कापायची पाळी आली तर? जोरदार मंडळी एक-दीड मिनिट पुढे राहतात. तुम्ही दहा सेकंद राहा, किंवा अजिबात जाऊ नका. नवख्यांची ठरलेली चूक: पुढे आल्या आल्या वेग वाढवणं. मागच्या तिघांना वाटतं हा लढतोय, प्रत्यक्षात तो त्यांना मारत असतो आणि स्वतःही मरतो. पुढे आलात तर स्पीडोमीटरवर होता तोच आकडा ठेवा, मग मागे बघून बाजूला सरका, वेग थोडा उतरवा आणि शेपटीला लागा. शेपटीला लागताना शेवटचा माणूस सरकतोय तोवरच जोर सुरू करा, तो निघून गेल्यावर नाही.

पोट

रेसच्या सकाळी तर्री पोहे खाऊ नका. मला माहीत आहे स्टार्टच्या शेजारीच गाडा असतो. तर्री परत येते, आणि ती घाटात येते. अडीच-तीन तास आधी साधे पोहे किंवा दोन पोळ्या गुळाशी.

अंगात साठवलेली साखर जोरदार चालवताना साधारण दीड-दोन तास पुरते. मग बत्ती गुल. पहिल्या अर्ध्या तासापासूनच दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं खा: अर्धं केळं, सुपारीएवढा गूळ, खजूर. भूक लागली म्हणून खायचं नसतं, भूक लागली तेव्हा उशीर झालेला असतो. तासाला पन्नास-साठ ग्रॅम साखर-पिष्ट पुरतं. मध्यम केळ्यात त्यातलं पंचवीसेक असतं. संत्रं मोसमात चांगलं, पण सोलायला दोन हात लागतात. ते काम औषधवाल्याचं, तो हँडल सोडून सोलतो आणि फाकी देतो. तुम्ही करू नका.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दुपारच्या उन्हात जास्त, एका बाटलीत ओआरएस. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोटं काकडतात आणि अकराला उन्हाचा चटका बसतो. फक्त थंडी आहे म्हणून पाणी टाळणारे घाटात पायाचे गोळे धरून बसतात.

एक खूण ओळखून ठेवा: बडबड्या माणूस गप्प झाला, किंवा गरीब स्वभावाचा माणूस चिडायला लागला, की त्याला खायला द्या. विचारू नका, द्या. परतवाड्यात मी सरांवर "तुमच्यामुळेच आलो" असं खेकसलो होतो. त्यांनी एक अक्षर न बोलता गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला.

घाट

परतवाडा साधारण ३७० मीटर उंचीवर, चिखलदरा ११०० च्या वर. धामणगाव गढीच्या रस्त्यानं तीसेक किलोमीटरमध्ये सातशेहून जास्त मीटर चढायचं. सुरुवातीला शेतं आणि झाडी, मग वळणं सुरू होतात आणि रस्ता काही संपत नाही.

इथे आडोशाचा खेळ जवळजवळ संपतो. ताशी दहा-बारा वेगाला हवा फारशी अडवत नाही, वजन अडवतं. म्हणून "चाक सोडू नको" हा सपाटीवरचा मंत्र इथे घातक. बळकट माणूस चौदानं जातोय म्हणून तुम्ही चौदानं गेलात तर तिसऱ्या वळणावर बसाल. घाटात वेग ठरवतो तो सगळ्यात कमजोर, बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवायचं. आणि त्याला मागे नाही, दुसरा ठेवायचं. मागे ठेवलेला माणूस स्वतःला ओझं समजायला लागतो.

सुरुवातीची दहा मिनिटं लाज वाटेल इतकी हळू जा. चार शब्दांचं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. पाय मिनिटाला साठच्या खाली यायला लागले की गिअर हलका करा, हलका उरला नसेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूनं जा, तिथे चढ सौम्य असतो. फक्त समोरून गाडी नाही याची खात्री करून. आणि तेही आपल्या डाव्या अर्ध्या रस्त्यातच, उजव्या अर्ध्यात शिरायचं नाही.

मग साथीदार करतात तरी काय? पहिलं, तुमचं ओझं घेतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पायथ्याशी माझी भरलेली दुसरी बाटली, पंप, विंडचीटर सगळं दुधवाल्या पोऱ्यानं आपल्याकडे घेतलं. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं, रोज चाळीस लिटर वाहतो. दुसरं, रस्ता सांगतात. "अजून खूप आहे" किंवा "आलंच" यातलं काहीच उपयोगी नाही. "त्या सागापर्यंत, मग शंभर मीटर सपाट" हे उपयोगी. दमलेल्या डोक्यात सागाचं एक झाड मावतं, दहा किलोमीटर मावत नाहीत. तिसरं, बोलतात, उत्तराची अपेक्षा न ठेवता. औषधवाल्यानं तुरीच्या भावावर पाऊण तास भाषण केलं. मी एकदाही हो म्हटलं नाही.

पायात गोळे आले तर लगेच उतरू नका. गिअर हलका करा, वेग अर्धा, खारं पाणी घोटघोट. सुटले नाहीत तर उतरून पोटरी ताणा, भिंतीऐवजी झाड धरा. माकडं असतील तर केळं खिशात झाकून.

बळकट माणूसही मोडतो, हे धरून चला. त्या दिवशी वरून सहा किलोमीटर अलीकडे पोऱ्यानं स्वतःहून म्हटलं, "काका, चार आणे." त्याच्या मांडीत गोळा आला होता. मी ओझं परत घेतलं, माझी बाटली त्याला दिली, आणि पुढची वीस मिनिटं वेग मी ठरवला. ताशी सात. वर पोचलो तेव्हा मुदतीला अकरा मिनिटं बाकी होती आणि आमच्यामागे तिघंच होते.

चाक द्यायची वेळ

संघात कोणाचं पंक्चर महत्त्वाचं हे आदल्या रात्री ठरवा. १९३४ च्या टूर दी फ्रान्समध्ये रने व्हिएत्तो या वीस वर्षांच्या पोरानं आपल्या संघनायकाला स्वतःचं पुढचं चाक काढून दिलं आणि मदतीच्या गाडीची वाट बघत रडत बसला. तो नायक ती टूर जिंकला. आपल्याकडे कोणी टूर जिंकत नाही, त्यामुळे रडण्याची वेळ येत नाही, पण चाकं जुळतात का हे बघून ठेवा. डिस्क ब्रेकचं चाक रिम ब्रेकच्या सायकलला उपयोगाचं नाही. आमच्या चौघांत दोघांचीच जुळत होती, हे स्टार्टलाईनवर कळलं.

उतरताना

रेस वर संपली की लोक हुशारीत सायकल सोडतात. हात थकलेले, घाम थंड झालेला, ब्रेक तापतात. आधी कोरडा बनियन घाला, छातीवर वर्तमानपत्र ठेवा, काहीतरी खा, मग निघा. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. सूर्य खाली जायच्या आत जंगलातून बाहेर पडा. हे मेळघाट आहे. जीपवाला सायकली टपावर बांधून न्यायला तयार असेल तर पैसे वाटून घ्या आणि बसा, त्यात कमीपणा नाही. आम्ही बसलो.

त्याच संध्याकाळी, पाय भरून येण्याआधी, चौघांनी एक काम करा. वहीत लिहा, कोणी कुठे आणे खोटे सांगितले. माझे त्या वर्षी तीन ठिकाणी निघाले: आसेगावच्या अलीकडे पाचाचे बारा, परतवाड्याच्या चौकात तीनाचे आठ, आणि घाटात सहाव्या वळणावर, जिथे सरांनी विचारलंच नव्हतं तरी मी "सोळा" म्हणून ओरडलो होतो.